रेच्याचे धुराडे आणि देवळाचा ओटा

सौंसरहून पांढुर्ण्यास हमरस्ता टाळून निघावे, तो संत्र्यांच्या बागांआड एखादे विटांचे धुराडे अवचित दृष्टीस पडते. जवळ गेल्यावर दिसते पत्रे उडालेले दालन, पिंपळाने फोडलेली भिंत आणि ज्यावरील पट्ट्यांनी रेचे फिरत, तो गंजलेला लांब दांडा. चामड्याने मढविलेली लाट कापूस ओढून घेई, खालीवर होणारे पाते सरकी पाडून टाकी आणि रुईच्या दाबगाठी बांधल्या जात. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणे भाग होते. भेसळीचा जाब कोणास विचारावयाचा, हे त्यावरून ठरे.

अशाच एका आवारात परवा विटा गाडीत भरल्या जात होत्या. कोठे नेता, असे विचारले. उत्तर आले, "देवळाच्या ओट्याले नेऊन राहिलो जी." मी निरुत्तर झालो, सहमत मात्र झालो नाही.

आमचे धर्मशील बंधू म्हणतील, कारखान्यात कसले आले पावित्र्य? मी विचारतो, देवळांचे दिवे कशावर तेवले? कापसाच्या सौद्यात धर्मादाय वेगळा काढण्याचा व्यापाऱ्यांचा रिवाज सर्वश्रुत आहे. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सने गिऱ्हाइकांकडून घेतलेला धर्मादाय तिचे उत्पन्न होय काय, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. तो पैसा धर्मकार्याचाच, गिरणीचे उत्पन्न नव्हे, असा निकाल १९७९ च्या निवाडेसंग्रहांत कोणासही वाचता येईल. ज्या धंद्याने देवाचा वाटा आधी काढला, त्याच्याच भिंती देवाच्या नावाने पाडाव्यात, ही कोणती कृतज्ञता?

कायदा आडवा येतो म्हणावे, तर तेही खरे नव्हे. मध्य प्रदेशाचा १९६४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा वास्तूला ऐतिहासिक महत्त्व आणि निदान शंभर वर्षांचे वय मागतो. तिच्यावर मूर्ती कोरलेली असावी, असे त्यात कोठेही नाही. शंभरी ओलांडलेला रेच्याचा कारखाना त्यात का बसू नये? जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली बंद पडली आणि आज त्या आवारात मॉल आहे. शहराची ही गत, तेथे आडरस्त्यावरच्या धुराड्याचा वाली कोण?

पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, सौंसर त्यातच आले. अशा वास्तूंची यादी व्हावी, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज मी लिहून ठेवला आहे. माझी सही झाली आहे. खाली देवस्थानच्या पंचांसाठी जागा मोकळी सोडली आहे.