आधी मुलांचं वय, मग जहाज

नाशिक रोडला समुद्र नाही, पण समुद्रावर जायची वाट इथल्या फलाटावरूनच निघते. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस वेळेवर धावली तर अकराच्या सुमारास मुंबईचं सीएसएमटी, आणि तिथून टॅक्सीने जवळच क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर. मे महिन्याच्या सुट्टीचा विषय निघाला की महाबळेश्वर, काश्मीर, केरळ या ठरलेल्या नावांत आता क्रूझचीही भर पडते, आणि बऱ्याच घरांत तो हट्ट मुलांचा असतो. हट्ट पुरवायला हरकत नाही. फक्त आईवडील तारीख आणि सवलत बघून सुरुवात करतात, ती मुलांच्या वयापासून करायला हवी.

बोटीचं आणि नाशिक रोड स्थानकाचं नातं तसं जुनंच. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल, तेव्हाची पंजाब लिमिटेड, बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरूनच सुटायची. विलायतेहून तेरा दिवसांचा समुद्रप्रवास करून आलेले साहेब आणि मडमा बोटीतून उतरत, गाडीत बसत आणि थळ घाट चढून उत्तरेकडे जात. कोकणातले चाकरमानीही १९८० च्या दशकापर्यंत ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ यांसारख्या बोटींनी गावी जात. या बोटींचं काम माणसांना कुठेतरी पोचवायचं होतं. आजची क्रूझ बहुतेक वेळा जिथून निघते तिथेच आणून सोडते. तिला प्रवास म्हणण्यापेक्षा मुक्काम म्हटलेलं बरं, आणि आखणीही मुक्कामासारखीच हवी: मुलं दिवसभर काय करतील, कुठे झोपतील, कंटाळली तर कुठे जातील.

मुंबईहून गेली काही वर्षं नियमित फेऱ्या करणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेर इथे रॉयल कॅरेबियनसाठी बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सहली हेच त्याचं काम होतं. सप्टेंबर २०२१ पासून ते आपल्या पाण्यात आहे. म्हणजे छोट्या सहली हा या जहाजाचा पिंडच आहे, आणि पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबालाही दोन-तीन रात्रीच पुरे. पहिल्याच झटक्यात पाच रात्रींची सहल घेणं म्हणजे पोहायला शिकायच्या आधी खाडी पार करायला निघणं.

वयाचं गणित कुणी माहितीपत्रकात ठळक छापत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. गरोदरपणाचे २४ आठवडे उलटले असतील तर आईलाही नकार मिळतो. डायपरमधल्या मुलांना बऱ्याच जहाजांवर पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत आणि मुलांच्या खेळघरात साधारण तीन वर्षांनंतरच प्रवेश असतो. मग दीड-दोन वर्षांच्या लेकराला घेऊन गेलेले आईबाप काय करतात? ते आळीपाळीने केबिनमध्ये बसतात. सरळ सांगायचं तर त्यांनी एक-दोन वर्षं थांबावं, समुद्र कुठे जात नाही. सहा ते बारा या वयाची मुलं मात्र जहाजावर खरी रमतात. त्यांना डेक, जिने, लिफ्ट, जेवणाच्या वेळा सगळ्याचंच अप्रूप असतं. तेराच्या पुढच्यांचा प्रश्न निराळा. त्यांना एकट्याने हिंडायचं असतं, म्हणून कुठल्या डेकवर जायचं, किती वाजता परत यायचं हे चढण्याआधीच ठरवून घ्यावं. समुद्रात मोबाइलला रेंज मिळत नाही आणि जहाजावरच्या वायफायला वेगळे पैसे पडतात, हेही त्यांना घरीच सांगितलेलं बरं.

केबिन निवडताना पैसे वाचवायला चौघांसाठी एकच खोली घेतली जाते. दोन खाटा खाली, दोन भिंतीतून उघडणाऱ्या. रात्री ती खोली इतकी भरते की बाथरूमला जायचं तर कुणाच्या तरी बॅगेवरून ढांग टाकावी लागते. आजीआजोबा सोबत असतील तर शेजारची दुसरी केबिन घ्यावी, तीही लिफ्टजवळची. बाल्कनीचा मोह मोठा, पण लहान मुलं असताना बाल्कनीपेक्षा जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली जास्त शहाणपणाची. तिथे जहाज कमी हलतं.

बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयातल्या मुलांना सर्वांत जास्त होतो, म्हणजे ज्यांना जहाज आवडतं त्यांनाच. घाटात गाडी लागते म्हणून आपल्याकडे घरोघरी गोळी ठेवलेली असते. त्यातल्या प्रोमेथाझिनसारख्या औषधाला दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सक्त मनाई आहे. तेव्हा औषध आणि मात्रा बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावी. बाकी उपाय साधे आहेत: उपाशी ठेवू नये, मोबाइलच्या पडद्यावर डोळे खिळवू देऊ नयेत, डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला सांगावं. बुफेच्या आधी हात साबणाने धुवावेत, कारण जहाजांवर जुलाब-उलट्या पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही.

सुरक्षेचा विषय काढला की घरातली मंडळी ‘अशुभ बोलू नका’ म्हणतात. पण या किनाऱ्याला विसरून चालणार नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून बुडाली. मोठं क्रूझ जहाज या छोट्या बोटींपेक्षा कितीतरी सुरक्षित असतं, यात वाद नाही. तरी जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ उलटली, तेव्हा नव्याने चढलेल्या काही प्रवाशांचा सुरक्षा-सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी हा सराव घेणं जगभर सक्तीचं झालं. या सरावाला दांडी मारून सेल्फी काढत उभे राहणारे पालक मुलांना नेमकं काय शिकवतात? तलावावर जीवरक्षक असतो का, हाही प्रश्न बुकिंग करतानाच विचारावा. रॉयल कॅरेबियनसारख्या कंपनीनेही आपल्या ताफ्यात जीवरक्षक नेमले ते २०१७ साली.

पैशांबाबत एकच सांगणं. ‘सगळं समाविष्ट’ या दोन शब्दांवर विसंबू नये. जाहिरातीतली रक्कम बहुधा दोघांच्या खोलीतली, माणशी असते. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी, सेवकांची बक्षिसी, काही ठरावीक उपाहारगृहं आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. एजंटाकडून सगळे आकडे कागदावर लिहून घ्यावेत, आणि सहल रद्द झाल्यास काय, हे आधी वाचावं. एप्रिल २०१९ मध्ये गाजावाजा करत मुंबईत आलेल्या ‘जलेश’ कंपनीने कोविडच्या तडाख्यात २०२० मध्ये गाशा गुंडाळला आणि तिचं ‘कर्णिका’ जहाज अलंगला तोडायला गेलं. २०१८ मध्ये सुरू झालेली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ही टिकली नाही.

गोवा बघायचा असेल तर क्रूझने जाऊ नये. मुरगावला उतरून मिळणाऱ्या काही तासांत एखादा किनारा आणि एखादं देऊळ होतं, मंगेशी आणि जुनं गोवं दोन्ही जमवायला गेलं की मुलं रडकुंडीला येतात. लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. तिथे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं लहान बोटींनी बेटावर जातात. दर्या खवळलेला असेल तर उतरणं रद्दही होतं. त्याची कल्पना मुलांना आधीच द्यावी. सिंगापूरच्या क्रूझला मुलाचा पासपोर्ट काढून ठेवलेला असला तरी त्याची मुदत तपासावी, लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो.

बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय तिथे आहे. छानच झालं. पण जयगड, विजयदुर्गला मुलाबाळांसह साध्या तिकिटात नेणारी रोजची बोट सुरू झाली, तर नाशिक रोडच्या किती तरी कुटुंबांना क्रूझपेक्षा तीच हवी असेल.

राहिला परतीचा प्रश्न, जो हमखास विसरला जातो. जहाज सकाळी धक्क्याला लागलं तरी सामान आणि रांगा यांत वेळ जातो, त्यामुळे दुपारच्या जनशताब्दीचं तिकीट काढणं जरा जोखमीचं. वंदे भारत थोडी उशिरा सुटते, तीच धरावी. संध्याकाळच्या पंचवटीचं आरक्षण असेल तर मधल्या वेळात काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. तिथे २०१९ पासून मुलांचं स्वतंत्र संग्रहालय आहे.