भारीतला कॅमेरा

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्क्रॅच या सॉफ्टवेअरमध्ये वेबकॅमचं चित्र धूसर दिसलं की खापर फुटतं कॅमेऱ्यावर. शाळा म्हसावदची असो की पुण्याची, ‘भारीतला घ्या’ हा सल्ला तयारच. पैसे पाण्यात! स्क्रॅचचा मंच मुळात ४८० बाय ३६० पिक्सेलचा आणि व्हिडिओही तो तेवढाच घेतो; म्हणजे जेमतेम पावणेदोन लाख ठिपके. फुल एचडी कॅमेऱ्याच्या २० लाखांतले बाकीचे वाया. प्रोजेक्टरवर तेच ठिपके ताणले जातात, मग चित्र धूसर होणारच. हात हलवला की मांजर पळावं, एवढ्याला ते पुरतं. कुणी म्हणेल, मॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये हवं ते रिझोल्यूशन मागता येतं. येतं ना, पण मागावं लागतं : तिथला कॅमेऱ्याचं चित्र घेणारा घटक, जिट.ग्रॅब, न सांगता ३२० बाय २४०च देतो, आणि खिडकी कितीही मोठी केली तरी जिट.ग्रॅबला पत्ता नसतो. शिवाय वेबकॅम यूएसबी २.०ला लावलेला असेल, तर तिची कागदावरची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट. ७२०पीचं न दाबलेलं चित्र सेकंदाला ३० फ्रेमनं ४४ कोटी खातं. प्रत्यक्षात एवढं मावत नाही, चित्र अडखळतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी सेटिंगमध्ये असेल तर एमजेपेग (दाबलेलं चित्र) निवडा, फुकट आहे.