बिनकर्जाचें प्रेम

प्रेमकथा वाचणें हा दुर्गुण आहे असें मानणाऱ्यांच्या पंथांत प्रस्तुत लेखक नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. गेलीं वीस-बावीस वर्षें जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांत शिक्षकाचा पेशा करीत असतां, पावसाळ्याच्या रात्रीं वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडांत मीं ज्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक प्रेमकथाच होत्या. तेव्हां पुढें जी तक्रार मी मांडणार आहें ती सोंवळ्यांत बसलेल्या धर्ममार्तंडाची नव्हे. ती एका गिऱ्हाइकाची आहे. वेष्टनावर ज्याचें नांव छापलें तोच जिन्नस आंत निघत नसेल, तर गिऱ्हाइकानें बोलावयाचें नाहीं, तर कोणीं?

तक्रार एका वाक्यांत सांगतां येईल. लोकप्रिय प्रेमकथांवर असा आक्षेप घेण्यांत येतो कीं त्यांत प्रेम फार असतें. माझा आक्षेप असा आहे कीं त्यांत प्रेम फार थोडें असतें.

हा विचार पुष्कळ दिवस मनांत घोळत होता. पण त्याला शब्द मिळाले ते एका मुलीच्या तोंडून. वाचनालयांतून मीं आणलेली एक कादंबरी (बांधणी उसवलेली, कोपरे दुमडलेले, म्हणजे लोकप्रियतेचीं सर्व लक्षणें अंगावर वागवणारी) वसतिगृहांतील दहावीच्या एका मुलीनें मागून नेली. चार दिवसांनीं पुस्तक परत करतांना ती म्हणाली, "गुरुजी, गोष्ट बरी आहे; पण हिचं पाणी कोण भरतं?"

मी हंसलों, आणि मग हंसूं आलें याची मला लाज वाटली. त्या कादंबरींतील नायिका मुंबईला राहते. तिसऱ्या प्रकरणांत ती समुद्रावर फिरावयास जाते, सातव्यांत महाबळेश्वरीं, आणि तीनशें पानांत ती एकदांहि कशाचें ओझें उचलीत नाहीं. माझ्या विद्यार्थिनीच्या मुलखांत पाऊस शंभर इंचांच्या घरांत पडतो. पण चैत्र लागला कीं विहिरींचे तळ दिसूं लागतात, आणि बाया पहांटे हंडे घेऊन दरी उतरतात. मुलीनें विचारलेला प्रश्न टीकेचा नव्हता. तिला खरोखरीच जाणून घ्यावयाचें होतें. उत्तर मला ठाऊक होतें, पण तें तिच्या तोंडावर देण्याचें धैर्य झालें नाहीं. मुंबईच्या नळाला वैतरणेचें पाणी येतें, आणि मध्य वैतरणेचें धरण मोखाडा तालुक्यांतच कोचाळें येथें आहे. त्या नायिकेचें पाणी, बाळे, तुझ्याच डोंगरांतून भरलें जातें!

आतां कोणी म्हणेल कीं, प्रेमकथेंत पाण्याच्या हंड्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. इ. स. १८६८ मध्यें नारो सदाशिव रिसबूड यांनीं 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यांनीं एक प्रांजळ कबुली दिली आहे. तिचा आशय असा कीं, आम्हां हिंदूंची लग्नाविषयींची रीत व एकंदर राहणी पाहतां तींत मन वेधून घेण्याजोगे गुणहि नाहींत आणि दुर्गुणहि नाहींत. कादंबरीकाराची अडचण होते ती हीच. म्हणून ते राजपुत्रांच्या व चमत्कारांच्या मुलखांत शिरले. ज्या समाजांत मुलीला लुगडें सांवरतां येण्यापूर्वींच तिचें लग्न उरकत असे, त्या समाजांत निवडीची गोष्ट लिहावयाची तरी कशी? रिसबुडांची अडचण खरी होती. परंतु 'आम्ही' या शब्दाचें कापड त्यांनीं फार तोकडें कापलें.

मुंबईपासून शंभर मैलांच्या आंत, याच डोंगरांत, वारल्यांच्या पाड्यांवर तरुण मुलगे व मुली तारपेवाल्याभोंवतीं हातांत हात गुंफून रात्र रात्र नाचत होतीं. पसंती तेथें डोळ्यांत ठरे. लग्नाचा खर्च जमेना तर जोडपें तसेंच एकत्र नांदूं लागे, आणि कित्येक वर्षांनीं, कधीं पदरीं मुलें झाल्यावर, धवलेरीला बोलावून लग्न लावून घेई. लग्न लावणारी ही धवलेरी म्हणजे बाई. पालघट देवीचा चौक लिहिणाऱ्याहि सवाशिणीच. जी निवड रिसबुडांना आपल्या समाजांत कोठें दिसेना, ती येथें उघड्या खळ्यावर चालली होती. मराठी कादंबरीनें तिकडे पाठ केली, आणि लोकप्रिय कादंबरीची ती पाठ अद्यापि वळलेली नाहीं.

पण हें रमणीय चित्र रंगवून मी थांबलों, तर ज्यांच्यावर मी दोष ठेवतों त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसेन. तारप्याच्या नाचाची दुसरी बाजू सावकाराच्या वहींत होती. मुलीच्या बापाला द्यावयाचें देज, जेवण, ताडी, लुगडें या सर्वांकरितां तरुण वारली जमीनदाराकडून थोडी रक्कम काढी, आणि तिच्यापायीं त्याच्या शेतावर बांधला जाई. त्याची बायकोहि त्याच्याबरोबर राबे. रक्कम थोडी, पण ती फिटत नसे. अशा माणसाला 'लग्नगडी' असें नांवच पडलें होतें. ज्या दिवशीं बोहल्यावर चढावयाचें त्याच दिवशीं गुलामगिरींत पाऊल टाकावयाचें, हें प्रेमाचें मोल! ठाणें जिल्ह्यांतील या प्रथेची नोंद सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें सरकारला सादर केलेल्या अहवालांत १९३९ सालीं झाली. पुढें १९४५ मध्यें उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें वारली किसान सभेच्या झेंड्याखालीं जमले, आणि वेठ व लग्नगडी या दोहोंना त्यांनीं नकार दिला. ती हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत सांगितली आहे. तें पुस्तक चळवळीचा इतिहास म्हणून वाचलें जातें, तें योग्यच आहे. मला मात्र त्यांत न लिहिल्या गेलेल्या शंभर प्रेमकथा दिसतात.

सिमिंग्टनचा अहवाल झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १९४० सालीं, रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद प्रो. ना. सी. फडके यांना मिळालें. फडक्यांची थट्टा करणें सोपें आहे. मला ती करावयाची नाहीं. वाक्य कसें घोटावें, उत्कंठा कशी राखावी, संवाद कसे खेळते ठेवावे, हें त्यांच्याइतकें क्वचितच कोणाला साधलें असेल. 'प्रतिभासाधन' लिहून त्यांनीं ती विद्या उघड करून वांटलीहि. दुर्दैव असें कीं, त्यांच्यामागून आलेल्या शेंकडों लेखकांनीं ती विद्या तेवढी उचलली. प्रेमिकांच्या मार्गांत अडथळा हवा, हा नियम त्यांनीं पाठ केला. पण अडथळा कोठून येतो, हें पाहण्यासाठीं खिडकी उघडली नाहीं. म्हणून त्यांच्या कादंबऱ्यांत अडथळे येतात ते चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्रांचे, ऐन वेळीं झालेल्या मोटार-अपघातांचे, आणि एका प्रश्नानें दूर झाला असता अशा गैरसमजाचे. असले अडथळे लेखकानेंच घातलेले असतात व लेखकच ते काढतो. नायक-नायिकेला त्यांसाठीं कांहीं द्यावें लागत नाहीं. त्यांचें प्रेम बिनकर्जाचें असतें. ज्याची किंमत कोणीं मोजली नाहीं त्याचें मोल वाचकाला कसें कळावें?

याच कारणासाठीं अश्लीलतेचा वाद मला नेहमीं आडरानांत शिरलेला वाटतो. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली. तिच्यावर खटला झाला, आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लेखकास निर्दोष ठरविलें. न्याय झाला, हें उत्तम झालें. परंतु सात वर्षें चाललेल्या त्या झगड्यांत सारा प्रश्न एवढाच होता कीं, या कागदावर शरीर जास्त झालें काय? माझा प्रश्न उलटा आहे. आमच्या लोकप्रिय प्रेमकथांत शरीर फारच कमी असतें. तेथें ओंठ असतात, केंस असतात. पण हंडा वाहून दुखणारी मान नसते, भट्टीच्या मातीनें भेगाळलेले हात नसतात, आणि त्या हातांवर प्रेम करणारा माणूस नसतो.

दोन आक्षेपांना उत्तर देणें जरूर आहे. पहिला असा कीं, दमलेल्या वाचकाला विसावा हवा असतो. मान्य, पण विसाव्याचा ठेका घेतलेल्या या गृहस्थांना दमणें म्हणजे काय, हें ठाऊक आहे काय? दिवसभर भात कापून आलेला माणूस रात्रीं तारप्याला जातो, तोहि विसाव्यासाठींच. मात्र तेथें तो ज्यांच्या सुखदुःखांत वांटेकरी आहे अशाच माणसांचे हात धरतो. विसावा मिळावा म्हणून स्वतःला विसरावें लागतें, हा शोध शहरांतल्या प्रकाशकांचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तुम्हांला कादंबरी नको, प्रचार हवा. छे! नायकाच्या तोंडीं कर्जमुक्तीचें व्याख्यान घातलेली प्रेमकथाहि मीं वाचली आहे, आणि तीहि तितकीच पोकळ होती. मला प्रेमच हवें आहे. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी १८९० सालची. तींत यमू व तिचा नवरा यांचे मुंबईंतले थोडे सुखाचे दिवस येतात, ते वाचतांना आजहि जीव धास्तावतो. कां? तर वडील माणसांच्या धाकांतून, रूढीच्या दांतांतून तें सुख कसें ओढून काढलें आहे हें आपण पानोपानीं पाहिलेलें असतें. तेथें प्रचार आहे असें म्हणावयाचें असल्यास म्हणा. पण अशी प्रेमकथा बिनकर्जाच्या शंभर कादंबऱ्यांतून मला काढून दाखवा.

आणि हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न असता तर मीं लेखणी उचललीहि नसती. लग्नगडी कायद्यानें गेला. परंतु दिवाळीच्या सुमारास पाड्यांवरचीं जोडपीं उचल घेऊन वीटभट्ट्यांची वाट धरतात, आणि लग्नाच्या खर्चापायीं ती उचल घेतलेलीं माझे माजी विद्यार्थी-विद्यार्थिनी त्यांत असतात. त्या मुलींच्या हातीं आपण कोणतें पुस्तक देतों? जें वाचून त्यांना वाटावें कीं, प्रेम हें आपल्या घरीं नाहीं, तें समुद्रकांठीं राहतें. आणि भट्टीवर रात्रीं तिच्या वांट्याच्या विटा आपल्या डोक्यावर घेणारा नवरा हा प्रेमाचा माणूस नव्हे, कारण तो कवितेंत बोलत नाहीं. ज्या कादंबऱ्या वाचकाला त्याचेंच धन खोटें ठरवून दाखवितात, त्यांना करमणूक कसें म्हणावें?

तें पुस्तक मीं वाचनालयांत परत केलें. दुसऱ्या दिवशीं तें कोणीतरी नेलेंहि. ती मुलगी मात्र पुढलें पुस्तक मागावयास अजून आलेली नाहीं. आली तर तिच्या हातीं काय द्यावें, या विवंचनेंत मी आहें. प्रेमकथा लिहिणाऱ्यांनीं माझी ही अडचण दूर करावी. नायिका त्यांनीं खुशाल सुंदर रंगवावी, तिला समुद्रावरहि न्यावें. फक्त पहिलें प्रकरण लिहावयास बसण्यापूर्वीं, तिचें पाणी कोण भरतें, एवढें स्वतःशीं नक्की करून घ्यावें.