शब्दविचार : ‘एन्ट्रॅप’

इंग्रजींत ‘ट्रॅप’ आणि ‘एन्ट्रॅप’ अशीं दोन क्रियापदें आहेत. बोलतांना दोहोंचा अर्थ बहुधा एकच घेतात. परंतु कायद्याच्या भाषेंत त्यांत मोठें अंतर पडलें आहे. मराठींत मात्र दोहोंसही आपण ‘सापळ्यांत पकडणें’ असेंच म्हणतों.

निफाड तालुक्यांत उसाच्या फडाशीं वनखातें बिबट्यासाठीं पिंजरा लावितें व आंत शेळी ठेवितें. बिबट्याची भूक त्याची स्वतःचीच असते. पिंजऱ्यानें ती उत्पन्न केलेली नसते. हें ‘ट्रॅप’. अमरकोशांतील ‘कूटयंत्र’ व ‘वागुरा’ हीं साधनें याच जातीचीं. आतां आपल्या पंचवटींतीलच कथा घ्या. मारीच सुवर्णमृग होऊन येईपर्यंत सीतेच्या मनांत तसल्या मृगाची अभिलाषा मुळींच नव्हती. अभिलाषा आधीं उपजविली, पाश मागाहून आंवळला. हें ‘एन्ट्रॅप’.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. अमेरिकेंत दारूबंदी असतां एक सरकारी हस्तक प्रवासी म्हणून सॉरेल्स नांवाच्या गृहस्थाच्या घरीं गेला. दोघेही महायुद्धांत लढलेले; त्या आठवणी काढून त्यानें पुन्हा पुन्हा दारू मागितली, आणि अखेर सॉरेल्सनें ती आणून दिली. हा गुन्हा सरकारी माणसानेंच उपजविला, हा बचाव ज्यूरीपुढें जावयास हवा होता, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९३२ सालीं दिला.

आपल्याकडे लाचलुचपतीच्या ‘सापळ्या’ची बातमी वरचेवर वाचावयास मिळते. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावितात; घेणाराचीं बोटें सोड्याच्या पाण्यांत बुडविलीं कीं पाणी गुलाबी होतें. त्यास कोणाची हरकत नाहीं. पण देणाराजवळ पैसा नाहीं, तो उभारण्याची ऐपतही नाहीं, अशा वेळीं पोलिसांनींच रक्कम पुरवून लाच घडवून आणणें समर्थनीय नव्हे, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं विंध्य प्रदेशांतील एका मंत्र्याच्या खटल्यांत बजाविलें.

मग मराठींत म्हणावें काय? घरांतला एखादा तरुण असा गुंतला म्हणजे वडील माणसें ‘फसला बिचारा’ म्हणतात, शेजारी ‘पकडला गेला’ म्हणतात. दोन्ही शब्द अपुरे. फसविलेला मनुष्य निरपराध असूं शकतो. येथें त्याच्या हातून अपराध खरोखरच घडलेला असतो. ‘पकडला’ म्हटल्यानें तो अपराध त्याच्या मनांत कोणी पेरला, हें लपतें. नवा संस्कृत शब्द घडविणें मला कठीण नाहीं, पण तो माजघरांत कोणी उच्चारणार नाहीं. ‘नादीं लावून गोवणें’ हा घरांतलाच प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो.