भूकंपाचे केंद्र: बिंदू की वर्तुळ?

कोयना परिसरात धरणी हादरली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत केंद्राचे अंतर, दिशा आणि खोली इतक्या ठामपणे छापून येतात, की जणू मोजणीदाराने साखळी टाकून मौजेची चतुःसीमाच दप्तरी दाखल केली आहे. वस्तुतः ते तरंगांच्या वेळांवरून काढलेले अनुमान असते, आणि चुकीची मर्यादा न सांगता अनुमान प्रसिद्ध करण्याचा हा दस्तुर मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भूकंपशास्त्रज्ञ गायगरने विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिलेली रीत आजही पायाभूत आहे: प्रथम एक स्थान कल्पावे, तेथून निघालेले तरंग प्रत्येक मापनकेंद्री केव्हा पोहोचावयास हवे होते ते काढावे, आणि प्रत्यक्ष नोंदीशी येणारी तफावत किमान होईपर्यंत ते स्थान सरकवीत जावे. परंतु बसाल्टाच्या थरांखाली प्राचीन ग्रॅनाइट असलेल्या आपल्या भूमीत तरंगांचा वेग चुकीचा गृहीत धरला, तर स्थानही चुकते; आणि जवळ मापनकेंद्र नसेल तर खोली वाढवून भूकंपाची वेळ थोडी मागे ढकलली तरी हिशेब जमतो, ही त्याहून मोठी अडचण.

2000 साली वाल्डहाउझर व एल्सवर्थ यांनी मांडलेल्या द्विगुण-अंतर पद्धतीने वेगाच्या अडचणीवर मोठी सुबक तोड काढली. शेजारच्या दोन भूकंपांचे तरंग दूरच्या मापनकेंद्राकडे जवळजवळ एकाच वाटेने जात असल्याने, त्यांच्या वेळांची वजाबाकी केली की वाटेतील अज्ञाताचा बहुतेक भाग गळून पडतो, आणि विखुरलेले ठिपके भ्रंशाच्या रेषेवर येऊन बसतात. मात्र भावाभावांतील अंतर बिनचूक कळावे आणि घर कोणत्या आळीत आहे हे संदिग्धच राहावे, असाही प्रकार येथे संभवतो, कारण सबंध समूह एकत्रच सरकलेला असू शकतो.

म्हणूनच पद्धतींच्या श्रेष्ठत्वाचा वाद मला दुय्यम वाटतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपानंतर कोयनेची, आणि पुढे दक्षिणेस वारणेपर्यंतची, भूमी सतत हालत राहिली असता, तेथे बसाल्ट भेदून ग्रॅनाइटात उतरविलेले भूकंपमापक जे सांगतील, ते दूरच्या नोंदींवरील कोणत्याही गणिताला सांगता येणार नाही. सरकारने खर्च करावयाचा तो आधी तेथे.

राहिला चुकीच्या मर्यादेचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय पत्रकांत वारंवार आढळणारी 10 किलोमीटर ही खोली तर कित्येकदा मोजलेली नसतेच. खोली ठरत नाही तेव्हा गणित चालावे म्हणून ती धरून चालतात. वाचकाच्या हाती ती येते ती मात्र मापन म्हणून.