मोठे बोअर, लांबचे हरीण आणि एक लाडकी दंतकथा

वाचकहो, खडकी-देहूरोड पट्ट्याच्या लष्करी इतिहासाविषयी काहीही लिहिले की एक विशिष्ट जातीचे छायाचित्र कोणीतरी हमखास पुढे करतो. सोला टोपी घातलेला साहेब, पायाशी काळवीट, हाती जाड नळीची रायफल; आणि खाली ओळ : ‘पाचशे यार्डांवरून एका गोळीत! मोठ्या बोअरची करामत.’ आजचा धागा त्या ओळीविरुद्ध आहे. तीत तंत्राचे अज्ञान आहे आणि पुराव्याविषयी बेपर्वाईही. दुसरी गोष्ट मला अधिक खटकते.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत ‘हरीण’ हा शब्द सैल आहे. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे दरवर्षी गळतात व पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा यांची कायमची असतात. पहिले तिघे मुख्यतः झाडीतले, दुसरे दोघे उघड्या माळावरचे. लांबून गोळी घालण्याचा प्रश्न मुळात माळावरच उद्भवतो, कारण तिथे जनावर दूरवरून दिसते आणि दूरवरूनच पळते. झाडीत पन्नास-साठ पावलांपलीकडे दिसते किती?

आता बोअर. नळीचा व्यास मोठा म्हणजे पल्ला लांब, अशी समजूत तोफांवरून आलेली असावी. शिकारी रायफलींचा इतिहास जवळजवळ उलट सांगतो. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होते त्या प्रांतात, काम केलेल्या जेम्स फोर्सिथ याने १८६३ मध्ये शिकारी रायफल व तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मोठ्या बोअरचा तो पुरस्कर्ता, पण कशासाठी? जंगलातील जवळच्या अंतरासाठी. वजनदार गोल गोळी, नळीत अगदी मंद पीळ, दारू भरपूर : अशी गोळी थोड्या अंतरापर्यंत सरळ जाते आणि गवा किंवा वाघ जागच्या जागी थांबवते. पुढे तिचा वेग झपाट्याने गळतो. मोठे बोअर हे जवळच्या आणि जड जनावराचे हत्यार होते.

लांबच्या नेमाचे शत्रू दोन : गुरुत्वाकर्षण आणि अंतराचा चुकीचा अंदाज. गणित करून पाहा. मार्टिनी-हेन्रीची .४५० ची गोळी ४८० ग्रेन वजनाची. नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे १,३५० फूट. ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर, कापायला तिला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात ती दहा फुटांच्या आसपास खाली येते. हे अंतर बारा डब्यांच्या लोकलहून थोडे अधिकच भरेल. पुढच्या वेळी खडकीच्या फलाटावर उभे राहून लोकलच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. नेम ३०० यार्डांचा धरला आणि काळवीट प्रत्यक्षात ३५० यार्डांवर असले, तर गोळी ठरल्या जागेच्या दोन फुटांहून अधिक खाली जाते. काळविटाच्या छातीची खोली फूट-सव्वा फूट. म्हणजे गोळी एक तर मातीत, नाहीतर पायात.

१९१० च्या .३०३ मार्क सात काडतुसाची गोळी अवघी १७४ ग्रेनची, वेग मात्र २,४४० फूट. तीच पन्नास यार्डांची चूक इथे आठ-नऊ इंचांवर येते. बोअर लहान, गोळी हलकी, आणि पल्ल्याचा प्रश्न बराचसा सुटलेला! फरक पाडला तो धूरविरहित दारूने. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली रिग्बी रायफल .२७५ ची होती. वाघ मारणाऱ्याला ती चालत होती आणि चाळीस किलोंच्या काळविटासाठी .५०० हवी होती, असे मानायचे काय?

‘पण .३०३ ची गोळी आरपार जाते आणि जनावर पळत राहते,’ हा आक्षेप मात्र खरा आहे. पूर्ण धातुकवच असलेली लष्करी गोळी फुलत नाही. त्यावर उपाय म्हणून टोक मऊ ठेवण्याची युक्ती निघाली. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे १८९० च्या दशकात अशी गोळी लष्करासाठी बनली. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. शिकारीत मात्र तीच रचना दयेची मानली गेली, कारण तिने जनावर लवकर मरते. बोअरपेक्षा गोळीची बांधणी आणि वेग निर्णायक ठरतात, हे त्या काळच्या जाणत्या शिकाऱ्यांनाही ठाऊक होते.

मग इथे बोअर ठरवले कोणी? बऱ्याच अंशी सरकारने. १८७८ चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभा करीत होता, तर यूरोपीयांना नियमांनीच सूट होती. १९०७ मध्ये .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे यांच्या आयातीवर हिंदुस्थानात बंदी आली. कारण उघड होते : मार्टिनी-हेन्री .४५० ची, आणि तिच्यात चालू शकेल असा माल बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती. म्हणून लंडनच्या बंदूककारांनी .४६५, .४७० अशी बोअरे पुढे आणली. त्या चार छायाचित्रांतील एखादी ‘राजेशाही’ .४७० पाहून भारावणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तो आकडा कोणा वन्यपशूच्या कातडीवरून निघालेला नाही, पोलिसी भीतीतून निघालेला आहे.

हरणाबाबतही तेच. .३०३ लष्कराचे बोअर, म्हणून ते खाजगी हातांना वर्ज्य, त्याऐवजी.३१५ पुढे आले. हे मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस. गोळी जड, वेग बेताचा, म्हणजे माळावरच्या लांब नेमाला .३०३ पेक्षा उणेच. तरीही इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ ची रायफल देशभर गेली आणि तिची काडतुसे १८६९ मध्ये उभारलेल्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनली. त्यांच्या बुडावरचा ‘के. एफ.’ शिक्का म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’. पिंपरीच्या इतिहासप्रेमींना अभिमान बाळगायचा तर त्या शिक्क्याचा जरूर बाळगावा. पण ते काडतूस हरणासाठी उत्तम म्हणून निवडले गेले, असे सांगू नये.

आता पुरावा. शिकारीचे दप्तर कोणी ठेवले? शिकाऱ्यांनीच. रोलंड वॉर्डच्या नोंदवहीत, जिची पहिली आवृत्ती १८९२ ची, शिंगांची लांबी आहे. म्हणजे जी जनावरे हाती लागली त्यांचीच नोंद. मागचा पाय मोडून ज्वारीच्या शेतात शिरलेले आणि रात्री कोल्ह्यांनी फाडलेले काळवीट कोणत्याही वहीत नाही. ‘पाचशे यार्ड’ हा आकडा बहुधा डोळ्यांच्या अंदाजाचा, तोही जेवणानंतर सांगितलेला. अशा साधनाकडे आपण बखरीइतक्या तरी संशयाने बघावे की नाही? बखरीतील फौजेचा आकडा आला की आपण लगेच भिंग काढतो. साहेबाच्या आकड्यापुढे मात्र ते भिंग खिशात जाते.

माळावर लांबचे अंतर तोडण्याची दुसरी रीत आपल्याकडे होती : शिकवलेला चित्ता. कोल्हापूर दरबाराने तर देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवले. तीही शिकारच, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिथे जनावर एक तर मरे किंवा धडधाकट निसटे. तंगडी लोंबकळत जाणारे हरीण मागे राहण्याचा संभव फार कमी.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळवीट आणि चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीत घातले, तेव्हा ‘कोणती गोळी चांगली’ हा प्रश्न आपल्यापुरता इतिहासाचा झाला. तो इतिहास म्हणूनच विचारा. पुढचे छायाचित्र टाकाल तेव्हा सोबत चार गोष्टी लिहा : काडतूस कोणते, गोळी कवचाची की मऊ टोकाची, अंतर मोजले कोणी, आणि त्या दिवशी एकूण गोळ्या किती झाडल्या. शेवटचा आकडा मिळाला तर मला नक्की कळवा.