कळांवर औषध आहे

‘सोसल्याबिगर का माय होता येते?’ खामगाव असो की मेहकर, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. किडकी दाढ काढायला बसलेला माणूस आधी बधिर करायची सुई मागतो. बायकोच्या कळांची वेळ आली की त्यालाच सोसण्याचं पुण्य आठवतं.

माझ्या बाळंतपणात टेबलावर कण्हत होते, तेव्हा सिस्टरनं मांडीवर चापट मारली. ‘काहून वरडून राह्यली व? आमाले लेकरं नाई झाले का?’ नंतरचे टाकेही धड बधिर न करता घातले. नऊ महिने तपासण्या झाल्या, लोहाच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली. कळा कमी करता येतात, हे एकानंही सांगितलं नव्हतं.

‘पाठीतल्या इंजेक्शननं जन्माची कंबर धरते’ ही आणखी एक थाप. सिझरला त्याच पाठीत सुई टोचतात, तेव्हा घरचे मुकाट सही करतात. कळा कमी करायच्या या इंजेक्शनमध्ये, म्हणजे एपिड्युरलमध्ये, कमरेतून बारीक नळी बसवून औषध थोडं थोडं सोडतात. बाई शुद्धीवर असते, जोर लावू शकते. रक्तदाब उतरू शकतो, जोर लावायचा वेळ लांबू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ आणि देखरेख हवीच. पण त्यानं कायमची कंबरदुखी लागते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

एडिंबरात सिम्पसन नावाच्या डॉक्टरनं बाळंतिणीला भूल दिली १८४७ साली. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं. निरोगी बाईनं मागितलं तर एपिड्युरल द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगते आहे. आणि आमच्याकडे अजून चापट!

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, जेवण, गाडी मोफत केली. चांगलंच केलं. पण तिच्या दुखण्याचं काय? भूलतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला नाही, हे मला कळतं. मग तोंडाला मास्क लावून घ्यायचा नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा वायू द्या. हिंडू-फिरू द्या, कंबर चोळायला तिच्या आईला आत येऊ द्या. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना तर पैसाही लागत नाही.

ज्या बाईला औषध नको, तिनं घेऊ नये. तो तिचा निर्णय. तो सासूचा नाही, नवऱ्याचा नाही, सिस्टरचाही नाही. सातव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा: इथं कळांवर काय मिळतं, रात्री मिळतं का, पैसे किती? उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.